'अनुशेष' म्हणजे मागासलेपणच का?

प्रश्न: हिवाळी अधिवेशन नागपुरात आलं की पेपरात रोज 'अनुशेष' वाचायला मिळतो. 'मागासलेपण' हा साधा शब्द असताना हा कशाला?

उत्तर: ताई, दोन्ही एक नाहीत, आणि हा फरक आपण विदर्भातल्यांनी तरी नीट धरून ठेवला पाहिजे. मागासलेपण कितीही मोठ्यानं सांगितलं तरी ते वर्णनच. अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा राहिलेली तूट; ती मोजता येते, म्हणून मागता येते. १९८३ साली प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या प्रादेशिक असमतोलाची सत्यशोधन समिती नेमली गेली. तिनं राज्याची सरासरी हीच पट्टी धरली आणि मोजणी जिल्हावार केली. समजा, पेरणीच्या दर शंभर हेक्टरमागे राज्यात ३० हेक्टर ओलित आहे आणि तुमच्या जिल्ह्यात १८. मग उरलेले १२ हा तुमचा अनुशेष. तेवढं ओलित करायला जो पैसा लागेल, तो झाला त्याचा रुपयांतला आकडा. शेजारचा जिल्हा सरासरीच्या पुढे असला, तरी त्याची बढत तुमच्या तुटीतून वजा होत नाही. मला ही पद्धत यासाठीच न्याय्य वाटते. १९८४ च्या अहवालात सगळ्या राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी निघाला.

प्रश्न: मग कधी 'संपला' म्हणतात, कधी 'बाकी आहे', हे कसं?

उत्तर: कारण आधीचं विशेषण गाळलं जातं. 'आर्थिक अनुशेष' म्हणजे ठरलेली रक्कम, 'भौतिक अनुशेष' म्हणजे प्रत्यक्षात न झालेलं काम. नंतरच्या निर्देशांक व अनुशेष समितीनं १ एप्रिल १९९४ ची स्थिती धरून सुमारे १४,००६ कोटींचा आकडा काढला. पण धरणा-कालव्यांचा खर्च दरवर्षी चढतो. रक्कम खर्ची पडते आणि अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाण्यातलं शिवार कोरडवाहूच राहतं. त्यामुळे नुसतं 'अनुशेष संपला' असं कुणी लिहिलं तर कोणता, हे विचाराच.

आणखी एक उत्तर: नोकरभरतीतही हा शब्द चालतो. राखीव जागा भरायच्या राहिल्या की 'भरतीचा अनुशेष' म्हणतात. क्रियापद मात्र दोन्हीकडे तेच: अनुशेष 'भरून काढतात' किंवा 'दूर करतात'. 'अनुशेषाचा विकास करू' असं भाषणात ऐकलंय, ते साफ चूक. विकास जिल्ह्याचा होतो.