पहिल्या क्रमांकाचा खेळाडू वाया गेला, तर दोष त्याचा की क्लबचा? (एएफएल ड्राफ्ट)

लाल-निळा

ऑस्ट्रेलियन फूटबॉलमध्ये 'फसलेल्या निवडी' हा विषय निघाला की जॅक वॉट्सचं नाव हमखास पहिलं येतं. माझं मत स्पष्ट आहे: वॉट्सची निवड चुकली नव्हती, निवडीनंतर मेलबर्न क्लबने जे केलं ते चुकलं. आणि अशा यादीतल्या निम्म्या नावांबाबत हेच खरं आहे.

एएफएल (ऑस्ट्रेलियन फूटबॉल लीग) न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे, इथे पैशांची बोली लागत नाही. हंगामात तळाला राहिलेला क्लब सर्वात आधी खेळाडू उचलतो, विजेता सर्वात शेवटी. मुलं बहुतेक अठराची असतात आणि कुठल्या क्लबात जायचं हे त्यांच्या हातात नसतं. म्हणजे सर्वात गुणी पोरगा रचनेनुसारच सर्वात विस्कटलेल्या क्लबात जाऊन पडतो. 'टॉप पिक का फसतात' (पिक म्हणजे निवडीची पाळी, किंवा त्या पाळीवर घेतलेला खेळाडू) याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

आता वॉट्स. २००८च्या ड्राफ्टमध्ये पहिला. दुसऱ्या क्रमांकावर वेस्ट कोस्टने निक नॅटानुई घेतला. वॉट्स उंच, सडपातळ, दोन्ही पायांनी सफाईने किक मारणारा. जून २००९मध्ये, शाळेचं शेवटचं वर्ष चालू असताना, त्याला थेट क्वीन्स बर्थडेच्या (राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीच्या) सामन्यात एमसीजीवर कॉलिंगवुडसमोर उतरवलं. चेंडू हातात येतो न येतो तोच विरोधी खेळाडूंनी त्याला घेरून पाडलं, आणि तेच चित्र पुढे वर्षानुवर्षं दाखवलं गेलं.

उंच फॉरवर्डला अंगावर येणाऱ्या ९५-१०० किलोच्या बचावपटूसमोर जागा धरून उभं राहावं लागतं. ते बळ अठराव्या वर्षी नसतं. ते यायला जिममध्ये तीन-चार प्री-सीझन लागतात, आणि वजन घाईने वाढवलं तर धावणं मंदावतं. अशा मुलाला पहिलं वर्ष व्हीएफएलमध्ये, दुय्यम संघाकडून खेळवायचं असतं. मेलबर्नने प्रेक्षक खेचण्यासाठी त्याला पुढे केलं.

त्यानंतर प्रशिक्षक बघा. डीन बेली, ज्यांची जुलै २०११मध्ये जिलाँगकडून १८६ गुणांनी हरल्यावर हकालपट्टी झाली. मग हंगामी टॉड व्हायनी. मग मार्क नील्ड, तेही २०१३च्या मध्यावर गेले. मग हंगामी नील क्रेग, मग पॉल रूस, मग सायमन गुडविन. नऊ हंगामांत सहा माणसं, आणि जवळजवळ प्रत्येकाने वॉट्सला वेगळ्या जागी खेळवलं: कधी पुढे, कधी बचावात, कधी विंगवर. तरीही तो मेलबर्नसाठी १५३ सामने खेळला. २०१७च्या क्वीन्स बर्थडेला त्याच कॉलिंगवुडविरुद्ध शेवटच्या मिनिटांत गोल मारून त्याने सामना जिंकून दिला, आणि त्याच वर्षाअखेर क्लबने ३१व्या क्रमांकाच्या पिकच्या बदल्यात त्याला पोर्ट अ‍ॅडलेडला देऊन टाकलं.

---

पिवळा पट्टा

असहमत. क्लब वाईट होता हे मान्य, पण त्यामागे निवड करणाऱ्यांच्या चुका झाकल्या जातात.

२००४चा ड्राफ्ट घ्या. तेव्हाच्या नियमाने पाच किंवा कमी विजय मिळवणाऱ्या क्लबांना पहिल्या फेरीआधी एक जादा पिक मिळायची. त्यामुळे रिचमंडकडे पहिली आणि चौथी, हॉथॉर्नकडे दुसरी आणि पाचवी. रिचमंडने पहिल्यावर ब्रेट डेलिडिओ घेतला, उत्तम. चौथ्यावर रिचर्ड टॅम्बलिंग. लगेच पाचव्यावर हॉथॉर्नने लान्स फ्रँकलिन उचलला. टॅम्बलिंग रिचमंडकडून १०८ सामने खेळला, मग अ‍ॅडलेडला जाऊन आणखी १६. फ्रँकलिन ३५४ सामने आणि १०६६ गोल. हॉथॉर्नचे रफहेड (२), फ्रँकलिन (५) आणि लुईस (७) तिघेही २००८च्या विजेत्या संघात होते.

इथे 'क्लबने वाढवलं नाही' हे कारण पुरत नाही. दोन्ही क्लब तळाचे होते, दोघांचे प्रशिक्षक नवे होते, दोन्ही मुलं एकाच वयाची. एकाने जोखीम घेतली, दुसऱ्याने सोपं वाटणारं नाव घेतलं. एवढंच.

---

लाल-निळा

@पिवळा पट्टा, हॉथॉर्नचे पारखी इतके अचूक होते, तर दोनच वर्षांनी काय झालं? २००६मध्ये सहाव्या क्रमांकावर त्यांनी मिच थॉर्प घेतला. तो त्यांच्याकडून दोन सामने खेळला. सातव्यावर जिलाँगने जोएल सेलवुड घेतला: ३५५ सामने, चार विजेतेपदं. सेलवुडच्या गुडघ्याची शंका होती म्हणून बऱ्याच क्लबांनी त्याला सोडलं. तोच क्लब, तीच पद्धत, आणि निकाल उलटा. पारख हे एकमेव उत्तर असतं, तर असं झालं नसतं.

टॅम्बलिंगच्या बाबतीतही रिचमंडचा कारभार बघा. टेरी वॉलेस २००९च्या मध्यावर गेले, हंगामी प्रशिक्षक आले, मग २०१०पासून डेमियन हार्डविक. फ्रँकलिनला मात्र हॉथॉर्नमधली सगळी वर्षं एकच अ‍ॅलिस्टर क्लार्कसन.

---

विदाप्रेमी

दोघेही एका खेळाडूची तुलना त्याच्या मागून निघालेल्या सर्वोत्तम खेळाडूशी करताय. या पद्धतीने कुठलाही ड्राफ्ट फसलेलाच दिसेल. २००९मध्ये नॅट फाइफ २०व्या क्रमांकावर गेला, म्हणजे त्याच्या वरच्या एकोणीस निवडी चुकल्या असं कोणी म्हणणार नाही.

मोजायचं तर लीगचाच तक्ता वापरा. वडील-मुलगा नियमाने (क्लबच्या जुन्या खेळाडूचा मुलगा म्हणून) किंवा क्लबच्या अकादमीतून येणाऱ्या खेळाडूंवरच्या बोली जुळवण्यासाठी २०१५पासून प्रत्येक पिकला गुण दिले गेले. त्या मूळ तक्त्यात पहिल्या पिकला ३०००, दुसऱ्याला २५१७, तिसऱ्याला २२३४, चौथ्याला २०३४, पाचव्याला १८७८ आणि दहाव्याला १३९५ गुण होते. म्हणजे पहिल्यापासून पाचव्यापर्यंत किंमत ३७ टक्क्यांनी घसरते, आणि दहावी पिक पहिलीच्या निम्म्याहूनही कमी. पहिल्या पिककडून अपेक्षा जास्त ठेवणं रास्त आहे. टॅम्बलिंगसारख्या चौथ्या पिकवर पहिल्याइतका राग काढणं रास्त नाही.

माझी रीत अशी: आधी दुखापतीमुळे संपलेली कारकीर्द वेगळी काढायची. उरलेल्याची तुलना पुढच्या आठ-दहा निवडींच्या सरासरीशी करायची, त्यातल्या एकाशी नाही. आणि तीही त्याच जागेवरच्या खेळाडूंशी. रकमनची (हवेत उडवलेला चेंडू उडी मारून आपल्या खेळाडूंकडे वळवणारा उंच खेळाडू) तुलना मिडफील्डरशी नको. या गाळणीतून वॉट्स साधारण ठरतो, अपयशी नाही. एकूण १७४ सामने हा वाईट आकडा नव्हे. खरोखर अपयशी म्हणावं असं नाव जुनं आहे: १९८७मध्ये रिचमंडने पहिल्या क्रमांकावर घेतलेला रिचर्ड लाउंडर. चार सामने. त्या काळात मुलांची पाहणी आजच्या मानाने फारच तुटपुंजी होती, हेही लक्षात घ्यायला हवं.

---

रकमन

जागेचा मुद्दा विदाप्रेमींनी उरकून टाकला, तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मिडफील्डर अठराव्या वर्षी बऱ्यापैकी कळतो. सामन्यात तो किती धावतो, गर्दीत चेंडू किती वेळा काढतो, दाबाखाली किक कशी मारतो, हे अठरा वर्षांखालच्या स्पर्धेतही दिसतं. रकमन आणि उंच फॉरवर्ड यांचं तसं नाही. ज्युनिअर सामन्यात १९५ सेंमीचा पोरगा केवळ उंचीवर बॉल झेलतो. सीनिअरमध्ये समोरचाही तेवढाच उंच, आणि वर वीस किलो जड. ज्युनिअरमधले ते झेल पुढच्या पातळीबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाहीत. कंबाइनमधली (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांतली) उभी उडी, २० मीटर धाव, २ किमीची शर्यत यातून शरीर कळतं, झेलाच्या क्षणी दुसऱ्याला अडवायची कला कळत नाही.

म्हणून उत्तम रकमन कुठून आले बघा. डीन कॉक्स आणि अ‍ॅरन सँडिलँड्स दोघेही रुकी यादीतून, म्हणजे मुख्य ड्राफ्टबाहेरून. मॅक्स गॉन २००९मध्ये ३४व्या क्रमांकावर. आणि त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच मेलबर्नने पहिल्या दोन पिकवर टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह घेतले होते! स्कली दोन हंगामांनी जीडब्ल्यूएस या नव्या क्लबला गेला. ट्रेंगोव्हला विसाव्या वर्षी संयुक्त कर्णधार केलं आणि मग पायाच्या हाडाच्या दुखापतीने त्याची वर्षं खाल्ली. क्लबचा सर्वात मोठा खेळाडू निघाला तो गॉन.

कार्लटनने २००७मध्ये पहिली पिक मॅथ्यू क्रूझर या रकमनवर घातली. १८९ सामने खेळला, अंगाने झिजला, तो अपयशी नाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसऱ्या क्रमांकावर ट्रेंट कॉचिन गेला, जो पुढे रिचमंडला तीन विजेतेपदं मिळवून देणारा कर्णधार झाला. ही निवड चुकली कारण रकमन थांबून, स्वस्तात मिळतो. पहिल्या तीन पिकवर रकमन घेऊच नये.

---

पश्चिम वारा

@रकमन, नॅटानुई दुसऱ्या क्रमांकाचा रकमनच होता. २१३ सामने, तीनदा ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे वर्षाच्या सर्वोत्तम संघात. गुडघ्याने २०१८चं विजेतेपद त्याच्याकडून हिरावलं, पण त्या निवडीला चूक म्हणणारा कोणी भेटणार नाही. 'घेऊच नये' हा नियम टिकत नाही. हलक्या अंगाचा, जमिनीवर पडलेल्या चेंडूवर मिडफील्डरसारखा झडप घालणारा रकमन असेल तर घ्यावा.

आणि पिकचं मोल वापरण्यात आहे. २००७अखेर कार्लटनने आमच्या वेस्ट कोस्टला तिसरी पिक, विसावी पिक आणि जॉश केनेडी देऊन ख्रिस जड घेतला, सोबत ४६वी पिक. जडने कार्लटनमध्ये २०१०चं ब्राउनलो पदक (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचं) मिळवलं. केनेडी आमच्याकडे येऊन दोन कोलमन पदकं (हंगामात सर्वाधिक गोलांची) आणि २०१८चं विजेतेपद घेऊन गेला. तिसऱ्या पिकवर आलेला ख्रिस मास्टनही त्या संघात होता. २००१मध्ये फ्रीमँटलने तर पहिली पिकच विकली: पहिली, विसावी आणि छत्तिसावी देऊन ट्रेंट क्रोड आणि ल्यूक मॅकफार्लिन घेतले. हॉथॉर्नने पहिल्यावर ल्यूक हॉज, छत्तिसाव्यावर सॅम मिचेल उचलला. फसलेल्या खेळाडूंच्या याद्या बनतात, अशा फसलेल्या व्यवहारांच्या बनत नाहीत.

---

लाल-पांढरा-काळा

पॅट्रिक मॅकार्टिनचं नाव या धाग्यात कोणी घेण्याआधी लिहितो. कृपया त्याला 'फसलेला' म्हणू नका.

२०१४ला सेंट किल्डाने त्याला पहिला घेतला, मेलबर्नने दुसऱ्यावर ख्रिश्चन पेट्राका. पेट्राका २०२१च्या अंतिम सामन्याचा मानकरी ठरल्यावर सगळे शहाणे झाले. पण पेट्राकाचा गुडघा २०१५च्या प्री-सीझनमध्येच गेला आणि तो हंगाम त्याने बाहेर बसून काढला. तेव्हा आमची निवड कोणालाही चूक वाटत नव्हती. निक रिवॉल्टची कारकीर्द उतरणीला लागली होती, उंच फॉरवर्ड हवाच होता. पुढे मॅकार्टिनच्या डोक्याला एकामागून एक मार बसले. ३५ सामन्यांवर आमच्याकडची कारकीर्द थांबली. सिडनीने २०२२मध्ये संधी दिली, तो अंतिम सामनाही खेळला, आणि २०२३मध्ये पुन्हा डोक्याला मार बसून कायमचा थांबला. मेंदूच्या दुखापतीला अपयश म्हणणं मला क्रूर वाटतं.

एसेंडनच्या स्कॉट गंबल्टनचंही तसंच: २००६ची दुसरी पिक, ३५ सामने, बाकी सगळा काळ उपचारांत.

आमच्या क्लबची खरी चूक आदल्या वर्षीची. २०१३मध्ये तिसऱ्यावर जॅक बिलिंग्स घेतला आणि चौथ्यावर बुलडॉग्सना मार्कस बॉन्टेम्पेली मिळाला. सलग दोन वर्षं वरची पिक हातात असताना संघाचा कणा उभा राहिला नाही, त्याची किंमत अजून मोजतोय.

---

फूट्सक्रे

२०१३चा विषय निघालाच आहे, तर त्या वर्षीचा पहिला: टॉम बॉइड. जीडब्ल्यूएसकडून नऊ सामने, मग २०१४अखेर आम्ही बुलडॉग्सनी कर्णधार रायन ग्रिफेन आणि सहावी पिक देऊन त्याला आणला. करार सात वर्षांचा, सुमारे ७० लाख डॉलरचा असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. मे २०१९मध्ये २३व्या वर्षी निवृत्त. एकूण ६१ सामने. विदाप्रेमींच्या तक्त्यात हा सरळ नापास.

पण २०१६चा अंतिम सामना: सिडनीविरुद्ध तीन गोल, त्यातला एक शेवटच्या क्वार्टरमध्ये ५० मीटरच्या कमानीबाहेरून. क्लबचं १९५४नंतरचं पहिलं विजेतेपद. त्यानंतर निद्रानाश आणि मानसिक त्रासाबद्दल तो उघड बोलला. ६२ वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला विचारा, ही निवड फसली का. सामन्यांची संख्या मोजून हे उत्तर निघत नाही.

---

विदाप्रेमी

@फूट्सक्रे, त्या सामन्याचं मोल मान्य. पण बॉइडला पहिल्या क्रमांकावर निवडलं जीडब्ल्यूएसने, त्यांना त्याच्या बदल्यात ग्रिफेन आणि सहावी पिक मिळाली. दुसऱ्या पिकवर त्यांच्याकडेच जॉश केली आला, जो टिकला. निवड, व्यवहार आणि खेळाडू या तीन गोष्टी वेगळ्या मोजा.

---

पिवळा पट्टा

लाल-निळा, तुमच्या मूळ मुद्द्याला एक प्रश्न. २००९मध्ये मेलबर्नने दोन नावं घेतल्यावर तिसऱ्या क्रमांकावर आम्ही डस्टिन मार्टिन घेतला. ब्राउनलो, तीन नॉर्म स्मिथ पदकं (अंतिम सामन्याच्या मानकऱ्याची), तीन विजेतेपदं. रिचमंड तेव्हा काही चांगला क्लब नव्हता, आम्हीही तळालाच होतो. मग तो कसा घडला?

---

लाल-निळा

कारण २०१०पासून हार्डविक होते, आणि २०१६मध्ये संघ तेराव्या स्थानी घसरला तरी क्लबने त्यांना काढलं नाही. पुढच्याच वर्षी विजेतेपद आलं. मार्टिन एका आखणीत वाढला.

अलीकडचं उदाहरण याहून ठळक. २०२१चा पहिला जेसन हॉर्न-फ्रान्सिस. नॉर्थ मेलबर्नने २०२२मध्ये दोन सामने जिंकले, प्रशिक्षक डेव्हिड नोबल हंगामाच्या मध्यावर गेले, आणि पोरगा एका वर्षात घरी, पोर्ट अ‍ॅडलेडला परतला. तिथे तो संघाचा आधार झाला. खेळाडू तोच आहे.

---

विदाप्रेमी

एका उदाहरणाने सिद्ध होत नाही. वॉट्सही पोर्टलाच गेला होता, तिथे २१ सामने झाले. २०१९मध्ये पाय मोडला आणि त्याच वर्षी निवृत्ती. स्कलीला जीडब्ल्यूएस मानवलं, टॅम्बलिंगला अ‍ॅडलेड मानवलं नाही. पहिल्या पाचांतल्या, पहिल्या चार वर्षांत क्लब बदललेल्या सगळ्यांची यादी काढूया: आधीचे आणि नंतरचे सामने, प्रशिक्षक किती, जागा किती वेळा बदलली. २००० ते २०१५ पुरे. पहिली आठ वर्षं मी घेतो, उरलेली कोण घेतं?

---

पिवळा पट्टा

२००८ ते २०१५ माझ्याकडे. पण गोल्ड कोस्ट आणि जीडब्ल्यूएसला सवलती मिळालेले २०१० आणि २०११ वेगळ्या रकान्यात ठेवतो. त्या दोन वर्षांत वरच्या पिकचा मोठा हिस्सा नव्या क्लबांकडेच गेला होता, ते आकडे बाकीच्यांत मिसळले तर सगळा हिशेब बिघडेल.