मदत हवी आहे: 1500 वॅटच्या रॉडचा रोध दोन पद्धतींनी वेगळा का येतो?

प्रश्न
नमस्कार. पाणी तापवायचा रॉड आहे, त्यावर 230 व्होल्ट, 1500 वॅट छापलंय. एक्स्टेंशन बोर्डावर व्होल्टेज 228 आलं. रॉड लावून क्लॅम्प मीटरवर करंट 5.8 अँपिअर. म्हणजे रोध 228 ÷ 5.8 = 39.3 ओहम आणि पॉवर 228 × 5.8 = 1322 वॅट. पण रॉड बोर्डावरून काढून मल्टिमीटर थेट पिनांना लावला तर 35.4 ओहम दाखवतो. खरं कुठलं? पाणीही उशिरा तापतंय.

प्रतिसाद 1
35.4 बरोबर आहे. छापील आकड्यावरून पडताळा: 230 × 230 ÷ 1500 = 35.3. रॉड ठणठणीत आहे.

228 व्होल्ट तुम्ही रॉड बंद असताना मोजलेत ना? सूत्रात व्होल्टेज आणि करंट एकाच वेळचे, एकाच वस्तूचे लागतात. रॉड चालू ठेवून शेजारच्या सॉकेटात मोजा. मग भिंतीच्या सॉकेटवरही मोजा. क्लॅम्प फक्त फेजच्या तारेभोवती हवा, दोन्ही तारा एकत्र धरल्या तर शून्यच दिसेल. आणि ओहमच्या रेंजवर असलेला मीटर चुकूनही चालू लाइनला लावू नका.

प्रतिसाद 2
एक भर. हे गणित रॉड, इस्त्री, गीझर यांनाच लागू. पंपाच्या वाइंडिंगचा रोध 3 ओहम आला म्हणून 230 ÷ 3 = 77 अँपिअर धरू नका, एसीवर कॉइल त्याहून कितीतरी जास्त अडवते. तिथे व्होल्ट गुणिले अँपिअर केलं तरी वॅट मिळत नाहीत, पॉवर फॅक्टरनेही (त्यातली खरोखर वापरली जाणारी पॉवर किती, हे सांगणारा 1 पेक्षा कमी आकडा) गुणावं लागतं. साध्या पिवळ्या बल्बचंही थंड माप फसवतं: 100 वॅटचा बल्ब पेटलेला असताना 529 ओहमचा, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. रॉडमधली नायक्रोमची तार तापली तरी फारशी बदलत नाही, म्हणून इथे जुळलं.

धागाकर्ता
रॉड चालू असताना भिंतीवर 225, एक्स्टेंशनवर 205. एक्स्टेंशन 10 मीटर, 0.75 चौरस मिमी. त्याच्या टॉपची एक पिन तपकिरी पडलीय.

प्रतिसाद 1
सापडलं. 205 ÷ 5.8 = 35.3 ओहम, रोध जुळला. रॉडला मिळतात 205 × 5.8 = 1189 वॅट, म्हणून पाणी उशिरा तापतंय.

आता मधले 20 व्होल्ट बघा. 0.75 ची तांब्याची तार जाऊन-येऊन 20 मीटर, तिचा रोध साधारण अर्धा ओहम, म्हणजे तिच्यात 3 व्होल्ट पडावेत. उरलेले 17 व्होल्ट सैल जोडात जातायत: 17 × 5.8 = जवळपास 99 वॅट, एका पिनेएवढ्या जागेत! 25 वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने शिसं वितळतं, यावरून अंदाज घ्या. पिन तापली की तिच्यावर काळा थर धरतो, रोध वाढतो, ती आणखी तापते.

एक्स्टेंशन आजच बंद करा. पिन घासून पुन्हा वापरू नका, सॉकेटची पत्तीही आतून सैल झालेली असते. भिंतीवरचं ते सॉकेट 6 अँपिअरचं असेल तर तेही बदला: जोड सुधारल्यावर करंट 6.3 च्या आसपास जाईल. 16 अँपिअरचं सॉकेट, तसाच टॉप, 2.5 चौरस मिमी वायर आणि रॉड थेट भिंतीवर. मग चालू रॉडवर पुन्हा व्होल्टेज घ्या. बंद आणि चालू यांत 4-5 व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मेन बंद करून बोर्डामागचे स्क्रू तपासायला इलेक्ट्रिशियन बोलवा.