रोबोकॉनच्या बेसला तीन चाकं की चार?

नमस्कार मंडळी. आमची टीम यंदा पहिल्यांदाच रोबोकॉनला, म्हणजे कॉलेजांच्या रोबो स्पर्धेला, उतरतेय. मी मेकॅनिकल, दुसरं वर्ष. बेसवरून, म्हणजे रोबोच्या खालच्या चाकांच्या गाड्यावरून, टीममध्ये दोन तट पडलेत: काहींना चार मेकॅनम हवीत, काहींना तीन ओम्नी (दोन्ही कडेला रोलर असलेली चाकं, रोबो आडवाही सरकतो). वर्कशॉपमध्ये एमएसची (माइल्ड स्टील, साधं लोखंड) चौकोनी नळी पडून आहे, चासीला, म्हणजे सांगाड्याला, तीच वापरू का? विचारायला कॉलेजात सीनियर नाहीत.

उत्तर १
पहिलंच वर्ष आहे तर तीन ओम्नी घ्या. टेबल डुगडुगतं, तिवई कधीच नाही. चार चाकांत चासी वेल्डिंगला जराशी पिळली की एक चाक अधांतरी राहतं. आमचा रोबो सरळ सोडला की डावीकडे जायचा. आठवडाभर कोडिंगवाल्यांना पीआयडीचे (मोटरचा वेग आपोआप सावरणाऱ्या कोडचे) आकडे बदलायला लावले. शेवटी प्रत्येक चाकाखाली वहीचा कागद सरकवून पाहिला, तर मागच्या उजव्या चाकाखालून तो अलगद बाहेर आला. चार करायचीच असतील तर सस्पेन्शन द्या.

एमएस नको. 25 मिमीची, दीड मिमी जाडीची नळी लोखंडात मीटरला 1.1 किलो भरते, ॲल्युमिनियममध्ये साधारण 380 ग्रॅम. वजन नियमात बसवताना हा फरक फार जाणवतो.

आणि बेस आत्ताच करायला घ्या. 2014 ला पुण्यात झोका आणि सी-सॉ होता, 2024 ला व्हिएतनाममध्ये भातशेती, 2025 ला मंगोलियात बास्केटबॉल. खेळ दरवर्षी नवा, पण पळायचं सगळ्यांत असतंच.

उत्तर २
दादाचं पटतं, पण वर उंच यंत्रणा येणार असेल तर जपून. मध्यापासून चाक 40 सेंमीवर असेल तर तीन चाकांत कलंडायची कड मध्यापासून 20 सेंमीवर येते, चारमध्ये 28. बॅटऱ्या अगदी तळाशी ठेव.

माझं कळकळीचं सांगणं वेगळंच आहे. चाक थेट मोटरच्या शाफ्टवर लटकवू नकोस, रोबोचा सगळा भार गिअरबॉक्सवर येतो. चाकाला स्वतःचा शाफ्ट दे, दोन्ही बाजूंनी बेअरिंग दे. चाक शाफ्टवर दाबून धरणाऱ्या नुसत्या ग्रब स्क्रूवरही विसंबू नकोस, दहा-बारा फेऱ्यांत तो सैल होतो. शाफ्टला सगळीकडून आवळणारा क्लॅम्प हब लाव, नाहीतर चावीची (चाक शाफ्टवर घसरू न देणाऱ्या लोखंडी पट्टीची) खाच पाडून घे.

प्रश्नकर्ती
खूप आभार, ताई-दादा. तीन ओम्नी ठरलं. 12 मिमी शाफ्ट आणि त्यावर बसणारं 6001 नंबरचं बेअरिंग चालेल ना?

उत्तर २
चालेल. बेअरिंगची दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये, मधे तुकडा न हलवता, बोअर करून घे, नाहीतर शाफ्ट जड फिरेल.