‘काही झालं नाही’ या उत्तराविषयी

विचारल्यावर ‘काही झालं नाही’ म्हणून जो मन मोकळे करत नाही त्याला मदतच नको असते, असे म्हटले जाते. ते मला पटत नाही. आपल्याला नेमके काय वाटते आहे हे स्वतःलाच न उमगण्याच्या अवस्थेला मानसोपचारतज्ज्ञ पीटर सिफनिऑस यांनी १९७० च्या दशकात ‘अलेक्सिथिमिया’ हे नाव दिले. ही अवस्था मोजणाऱ्या टोरांटो मोजपट्टी या प्रश्नावलीतील २० विधाने भावना ओळखता न येणे, त्या सांगता न येणे आणि लक्ष सतत बाहेरच्या गोष्टींकडे असणे हे तीन पैलू तपासतात. आत्महत्येच्या विचारांशी ठळक संबंध आढळतो तो पहिल्या दोहोंचा. अर्थात नैराश्य हिशेबात धरले की हा संबंध अनेकदा क्षीण होतो, त्यामुळे कारण ठरवण्याची घाई नको.

आमच्या सोलापुरात यंत्रमागाच्या खडखडाटात दिवसभर उभा राहणारा कामगार डॉक्टरांना छातीत धडधडते, डोके जड होते, झोप लागत नाही एवढेच सांगतो (माझे वडीलही असेच सांगत), आणि ‘उदास वाटते का?’ या प्रश्नाला अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. तेव्हा शरीराच्या तक्रारींपासूनच सुरुवात करावी आणि जगणे नकोसे वाटते का, हेही सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही.