गाडीच्या दरवाजाची करकर: स्प्रेने भागतं की ग्रीसच हवं?

घोडबंदरकर:
पावसाळा सरला की आमच्या पार्किंगमध्ये एकेक गाडीचा दरवाजा करकरायला लागतो आणि जो तो बिजागरीवर डब्ल्यूडी-४० मारून मोकळा होतो. माझं मत स्पष्ट आहे, नुसत्या त्या स्प्रेवर भागवणं चूक. १९५३ साली अमेरिकेत तो बनला तोच पाणी हटवायला आणि गंज रोखायला. मळ सोडवण्यात तो झकास. पण त्यातला बराचसा भाग उडून जातो, मागे पातळसा थर उरतो, आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो. दरवाजाचं सगळं वजन बिजागरीच्या पिनवर असतं. तिथे तो थर किती टिकणार? आधी स्प्रेने धुवा, फडक्याने पुसा, वाळू द्या. मग स्प्रेच्या डब्यातलं पांढरं लिथियम ग्रीस, लाल नळी लावून थेट पिन आणि बुशच्या (पिनभोवतीच्या बारीक नळीच्या) फटीत. दरवाजा दहा-बारा वेळा उघडबंद करा, बाहेर आलेलं लगेच पुसा.

वाशी_खाडीकाठ:
अजिबात पटलं नाही. कंपनी स्वतःच त्याला वंगण म्हणते. आणि तुमच्या घोडबंदर रोडला बांधकामाची धूळ किती! ग्रीसवर ती बसली की काळा चिखल होतो, तोच पिन घासतो, शिवाय मुलांच्या शाळेच्या शर्टाला लागतो तो वेगळाच. त्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी स्प्रे मारावा, पाच मिनिटांचं काम.

घोडबंदरकर:
तीच कंपनी पांढरं लिथियम ग्रीस वेगळ्या डब्यात विकते, ते कशासाठी? आणि धूळ धरतं ते बाहेर राहिलेलं ग्रीस, म्हणून तर पुसायला सांगितलं. तुमच्याकडे खाडीची खारी हवा. तिथे तर जाड थर जास्तच गरजेचा.

नौपाडा_जुनी_गाडी:
दोघांनाही सांगतो, शिलाई मशीनचं तेल. डब्यातलं घट्ट ग्रीस बोटाने लावलं तर वरवरच बसतं, पिनपर्यंत पोचत नाही. तेल झिरपतं. लवकर ओघळतं हे मान्य, पुन्हा घालावं लागतं. खोबरेल मात्र कुणी घालू नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं.

ऐरोलीकर_ताई:
आवाज बिजागरीचाच आहे हे आधी तपासलंत का? दुसऱ्याला दरवाजा हळू हलवायला सांगा आणि बिजागरीवर बोट ठेवा. आवाज तिथला असेल तर थरथर बोटाला कळते. नाहीतर दोन बिजागऱ्यांच्या मध्ये दरवाजा अडवणारी पट्टी असते ती बघा, कटकट बहुतेक तिचीच. आणि दरवाजाच्या कडेच्या रबरी पट्टीला, म्हणजे बीडिंगला, तेल, ग्रीस काही लावू नका, रबर फुगून सैल पडतं. तिथे सिलिकॉन स्प्रे, तोही फडक्यावर मारून.

वाशी_खाडीकाठ:
ताई, बीडिंगचं शंभर टक्के मान्य. ग्रीसचं अजूनही नाही. धुणं, वाळवणं, पुसणं हे सगळं रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्याने कुठे करायचं?

घोडबंदरकर:
तिथेच करायचं, पाणी लागत नाही, फडकं पुरतं. एक मात्र बघा: दरवाजा अर्धवट उघडून खालच्या टोकाला धरून वर उचला. खडखडला तर बुश झिजलेत. तिथे तुमचा स्प्रेही नको आणि माझं ग्रीसही नको, सरळ गॅरेज गाठा.