पार्किन्सन्सची घरच्या घरी मोजणी: उपयोग किती, जाच किती?

उदगीरची लेक
बाबांना पार्किन्सन्स (कंपवात) होऊन सहा वर्षं झाली. लातूरला डॉक्टरांकडे नंबर लागायच्या तासभर आधी ते गोळी घेतात, त्यामुळं आत जाताना असर अगदी भरात असतो. खुर्चीतून उठतात, चालून दाखवतात, वर डॉक्टरांनाच पावसापाण्याचं विचारतात. डॉक्टर म्हणतात, झकास आहे की! त्याच संध्याकाळी घरी देवघराच्या उंबरठ्यापाशी पाय खिळल्यासारखे उभे. हे डॉक्टरांना दिसणार कसं?

म्हणून मी शंभर पानी वही केली. जागेपणी दर अर्ध्या तासाला एक खूण. 'च' म्हणजे गोळीचा असर चालू, 'ब' म्हणजे असर बंद, 'व' म्हणजे अंग नको तितकं वळवळतंय. (औषधांच्या संशोधनात रुग्णांकडून अशीच अर्ध्या तासाची डायरी भरून घेतात, मी काही नवा शोध लावला नाही.) शिवाय दिवसातून दोनदा खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं. मी फोनवर सेकंद मोजते. सकाळी १४, दुपारी जेवणानंतर २६!

दहा दिवसांनी वही चाळली तर दुपारची गोळी लागूच पडत नव्हती. ज्या दिवशी तुरीचं घट्ट वरण किंवा दूध-भाकरी, त्या दिवशी तर हमखास. गोळीतलं लेवोडोपा हे औषध आतड्यातून ज्या वाटेनं रक्तात जातं, त्याच वाटेनं प्रथिनांचे घटकही जातात. गर्दीत गोळी मागं राहते. डॉक्टरांनी मात्रा वाढवली नाही, फक्त गोळी जेवणाआधी पाऊण तास घ्यायला सांगितली. फरक पडला.

आता पुण्यातला भाऊ म्हणतो, वही टाक, कंप मोजणारं घड्याळ पाठवतो. आई म्हणते, दोन्ही टाका. माझं मत, घरी मोजलंच पाहिजे. तुमच्याकडं काय करता?

सेलूची सून
ताई, तुमच्या आईचं बरोबर आहे. मी सासूबाईंची वही आठ महिने लिहिली म्हणून बोलायले. दर अर्ध्या तासाला खूण म्हणे! भाकरी थापताना पिठाच्या हातानं लिहू? शेतातून डबा मागायलेत, पोराची शाळा सुटायली, त्यात ही वही. शेवटी रात्री बसून दिवसभराचं अंदाजानं भरायचे. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी पहिलं पान बघितलं अन् परत दिली.

अन् एक गोष्ट कुणी बोलत नाही. मी वही घेऊन समोर बसले की सासूबाईंचा हात जास्त थरथरायचा. मनावर ताण आला की कंप वाढतो हे तर डॉक्टरच सांगतात. मग मी काय मोजत होते, आजार का माझी भीती?

मूळ हिंगोली, सध्या पुणे
म्हणून तर घड्याळ. स्वस्थ बसल्यावर येणारा पार्किन्सन्सचा कंप साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा असतो. मनगटावरचा सेन्सर ती लय पकडतो. कुणी समोर बसायला नको, रात्री आठवून भरायला नको. २०२२ मध्ये अमेरिकेत साध्या स्मार्ट घड्याळावर चालणाऱ्या एका अ‍ॅपला कंप आणि वळवळ मोजण्यासाठी सरकारी मंजुरी मिळाली आहे. आपण अजून शंभर पानी वहीत अडकलोय. आणि खरं सांगू, माझ्यासारख्या दूर राहणाऱ्या मुलाला रात्री झोपण्याआधी वडिलांच्या घड्याळाचा आलेख बघितला की बरं वाटतं.

सेलूची सून
बरं तुम्हाला वाटतं हो भैय्या. चार्जिंगला लावायचं कुणी? आमच्याकडं लाईट जाते तेव्हा?

परभणीची फिजिओ
दोघांचंही थोडं थोडं चुकतंय.

घड्याळाबद्दल आधी. आजार बहुतेकांना एका बाजूनं सुरू होतो आणि ती बाजू पुढंही जास्त त्रास देते. घड्याळ सवयीनं डाव्या हातात आणि त्रास उजव्याला असेल, तर आलेख छान येणार. काहींना कंप जवळजवळ नसतोच, नुसता मंदपणा आणि ताठरपणा. ताठरपणा तर मनगटावरून कळतच नाही, तो दुसऱ्यानं कोपर-मनगट हलवून बघावा लागतो. आणि आपल्याकडची माणसं दिवसातून दहा वेळा तंबाखू मळतात, भजनात टाळ वाजवतात, मोटरसायकलवर मागं बसून खड्ड्यांतून जातात. घड्याळानं यातलं काय काय कंप म्हणून धरलं असेल, ते त्यालाच माहीत. गोळी कधी घेतली, जेवण कधी झालं, हे माणसानं लिहिल्याशिवाय आलेखाला अर्थ नाही.

आता वहीबद्दल. महिनोन् महिने लिहायला कुणी सांगितलं? भेटीच्या आधीचे तीन दिवस पुरतात. त्यासोबत वाईट वेळेचा एक मिनिटाचा व्हिडिओ. त्यात अंगठा आणि तर्जनी दहा वेळा जितकी रुंद आणि जितकी भरभर उघड-मीट करता येईल तितकी करायची, दोन्ही हातांनी. डॉक्टरही तपासताना हेच करायला लावतात आणि ० ते ४ गुण देतात. बघायचं ते किती वेळा झालं हे नाही. बोटांमधलं अंतर शेवटाकडं कमी होत जातं का, मध्येच अडतं का, ते बघायचं. या आजारात लिहिताना अक्षर बारीक होत जातं ना, तसंच हे.

एक मात्र करू नका. डॉक्टर मागून खांदे ओढून तोल बघतात, ते घरी कुणी करून बघायचं नाही. माझ्याकडं असा एक पेशंट आला होता, खुबा मोडून.

आयुर्वेदप्रेमी
इतकं मोजत बसण्यापेक्षा खाजकुइलीचं चूर्ण सुरू करा. आपल्या लोकांना कंपवात हजारो वर्षांपासून माहीत आहे.

परभणीची फिजिओ
खाजकुइलीच्या बियांत लेवोडोपाच असतं. म्हणूनच गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतलं की मात्रा किती झाली याचा हिशोब राहत नाही आणि अंग वळवळायला लागतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

निवृत्त मोजणीदार
सगळे बोलले, आता ज्याला आजार आहे तो बोलतो. वय ७१, आजार नऊ वर्षांचा. नोकरी मोजणी खात्यात झाली, त्यामुळं मोजण्याला माझा विरोध असण्याचं कारण नाही. पण शेत मोजायला जाताना आम्ही आधी नोटीस काढायचो. शेजाऱ्यालाही. नोटीस नसेल तर मोजणीला आक्षेप यायचा, आणि तो रास्त असायचा.

मला कुणी नोटीस दिली नाही. पुतण्यानं मागून व्हिडिओ काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. अकरा जणांनी हात जोडल्याची चिन्हं पाठवली. मी जिवंत आहे अजून. मुलगा फोनवर आधी आकडा विचारतो, मग जेवलात का ते. पुणेकर भैय्या, तुमच्या वडिलांना रात्रीचा तो आलेख कधी दाखवलात का?

मूळ हिंगोली, सध्या पुणे
नाही दाखवला. घड्याळ पावलं मोजायला आहे असं सांगितलंय त्यांना.

सेलूची सून
बघा!

उदगीरची लेक
काका, तुमचं वाचून बाबांनाच विचारलं. ते म्हणाले, वही माझ्याकडं दे, खुणा मी करतो. बंद असताना पेन धरता येत नाही, तर ती जागा कोरीच सोडायची, कोरी म्हणजे 'ब'. हे मला सुचलं नव्हतं. सेकंद मोजणं मात्र मी सोडणार नाही. सहा महिन्यांपूर्वीचा आकडा नसेल तर घसरण झाली की नाही हे कशावरून ठरवायचं? रोज बघणाऱ्याच्या नजरेला ते कळत नाही. घड्याळाला बाबा नको म्हणाले, विषय संपला.

सेलूची सून
आकड्याचं मला अजून पटलं नाही. आकडा बिघडला की दोन दिवस सगळं घर तोंड पाडून बसतं, हे मी भोगलंय. बाकी राहू द्या. ते उंबरठ्यापाशी पाय चिकटतात म्हणलात, त्यावर कुणी काही केलंय का? सासूबाई न्हाणीच्या दारात अडकतात, अन् ओढून चालत नाही.

निवृत्त मोजणीदार
ओढू नका, तोंडावर पडतील. मी फरशीवर पांढऱ्या रंगाच्या आडव्या पट्ट्या मारून घेतल्यात, खोलीपासून न्हाणीपर्यंत. नुसतं चाल म्हटलं की पाय उचलत नाही, पण समोरची रेघ ओलांडायची म्हटलं की उचलतो. मेंदूची गंमतच आहे. फिजिओबाईंनी सांगितलं होतं, पट्ट्या मी आखल्या.

सेलूची सून
दोन पट्ट्यांत अंतर किती ठेवलंय काका?

निवृत्त मोजणीदार
माझं दीड फूट. ते बरं चालत असतानाच्या माझ्या पावलाचं आहे, सासूबाईंना चालणार नाही. सकाळी गोळी लागल्यावर त्यांचं पाऊल टेपनं मोजा. त्यांना विचारून.