मदत हवी आहे: खुत्रा या प्राचीन ग्रीक भांड्याच्या काठाच्या लहान तुकड्यांचं काय करता?

अथेन्समधल्या इ.स.पू. पाचव्या शतकातल्या विहिरीच्या भरावातली स्वयंपाकाची खापरं मोजण्याबद्दल विचारायचं आहे. खुत्रा, म्हणजे गोल बुडाचं रांधायचं भांडं, पातळ असल्याने त्याचे ढीगभर तुकडे होतात. नुसती संख्या धरली की आकडा फुगतो. वजन धरलं तर साठवणीचे जाड रांजण बाकी सगळं झाकतात. म्हणून घेराचा किती टक्के काठ उरलाय ते वर्तुळांच्या तक्त्यावर मोजून बेरीज करणंच भरवशाचं वाटतं: 100 टक्के म्हणजे एक भांडं.

पण 5 टक्क्यांहून लहान काठाचा व्यास नीट कळत नाही, त्यात कानापाशी काठ ओढला गेलेला असतो. असे तुकडे वगळता, की मातीचा पोत पाहून (अथेन्सजवळच्या एजिना बेटाची ज्वालामुखी कणांची माती लगेच ओळखू येते) गटाच्या सरासरी व्यासावर बसवता? काजळीचे तुकडे अन्नांशाच्या तपासणीसाठी न धुता वेगळे ठेवलेत.